ज्वारीच्या पोंग्यातील विष : सायनाइडचा एक आढावा

बालाघाटच्या डोंगररांगांच्या अंगाखांद्यावर पसरलेल्या धाराशिव जिल्ह्यात, भूम-परंड्याच्या हलक्या माळरानापासून उमरगा-लोहाऱ्याच्या काळ्या रानापर्यंत, ज्वारी हे पीक माणसाचे अन्न आणि जनावराची वैरण अशा दुहेरी नात्याने पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे; दाणा कणगीत आणि कडबा गंजीत गेला म्हणजे वर्षाची बेगमी झाली, असा या मुलखाचा जुना हिशेब. ज्या पिकावर असा सारा प्रपंच उभा, त्याच पिकाच्या कोवळ्या पोंग्यात रसायनशास्त्राला ठाऊक असलेल्या अत्यंत शीघ्रघाती विषांपैकी एक विष वास करून असते, ही गोष्ट शहरी वाचकाला आश्चर्याची वाटेल. परंतु पावसाने ओढ दिलेल्या रानात शिरून चार घास खाल्लेला धडधाकट बैल पाव तासात पाय झाडीत कोसळलेला ज्यांनी पाहिला आहे, त्या शेतकऱ्यांना ती नवी नाही. ‘किराळ लागली’ या दोन शब्दांत गावातील जाणती माणसे ज्या संकटाचे निदान करतात, ते सायनाइडच्या विषबाधेचेच होय.

सायनाइड म्हटले की रहस्यकथेतील कुपी, हेरांच्या दातांखालची गोळी, फार तर नाझी छळछावण्यांतील विषारी वायू डोळ्यांपुढे येतो. या चित्रामुळे एक हानी झाली आहे : हे विष दूरचे, असाधारण आणि गुन्हेगारांच्याच हातातले आहे अशी समजूत रूढ झाली आणि ते शेतात, गोठ्यात, स्वयंपाकघरात व धुरात कोठे कोठे वावरते याकडे आपले दुर्लक्ष झाले. प्रस्तुत लेखात या विषाचे रसायन, त्याचे निसर्गातील उगम व त्याचा प्राण्यांच्या देहावरील आघात यांचा आढावा घ्यावयाचा आहे, आणि तो ज्वारीच्या अनुषंगाने. कारण धाराशिवसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात या विषाचा खरा पत्ता तोच आहे.

विषाचे स्वरूप

कार्बनाचा एक अणू आणि नायट्रोजनाचा एक अणू त्रिबंधाने जखडले गेले म्हणजे सायनाइड गट सिद्ध होतो. त्याला हायड्रोजनाची जोड मिळाली की हायड्रोसायनिक आम्ल बनते, सोडियम किंवा पोटॅशियमची जोड मिळाली की पांढरे, पाण्यात सहज विरघळणारे क्षार बनतात. हायड्रोसायनिक आम्ल सुमारे २६ अंश सेल्सिअसला उकळते. म्हणजे आपल्याकडील बहुतेक दिवसांत ते मोकळे झाले की वायुरूपच धारण करते. कडू बदामासारखा त्याचा गंध सांगितला जातो, परंतु तो ओळखण्याची शक्ती कित्येक माणसांना जन्मतःच नसते. म्हणून वास आला नाही म्हणजे विष नाही, असे अनुमान कोणी काढू नये.

या द्रव्याचा शोध एका रंगाच्या पोटी लागला. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये ‘प्रशियन निळा’ हा रंग प्रथम तयार झाला; १७८२ च्या सुमारास स्वीडनमधील कार्ल शेले याने त्या रंगापासून हे आम्ल वेगळे काढले, आणि १८१५ मध्ये फ्रान्समधील गे-ल्युसॅक याने त्याचे घटक निश्चित केले. विशेष हा, की ज्यातून हे विष निघाले तो निळा रंग स्वतः जवळजवळ निर्विष आहे. त्यातील सायनाइड लोहाशी इतके घट्ट बांधलेले असते की ते देहात सुटे होत नाही, आणि थॅलियम या धातूच्या विषबाधेवर तोच रंग औषध म्हणून पोटात दिला जातो. तेव्हा सायनाइड आहे किंवा नाही एवढ्या प्रश्नाने भागत नाही. ते कशाशी बांधलेले आहे आणि कोणत्या प्रसंगी सुटे होईल, हा खरा प्रश्न आहे, आणि ज्वारीच्या बाबतीत सर्व काही याच प्रश्नावर अवलंबून आहे.

ज्वारीचे शस्त्रागार

१९०२ मध्ये डन्स्टन आणि हेन्री या दोघा इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी कोवळ्या ज्वारीतून एक ग्लायकोसाइड वेगळे करून त्यास ‘धुरिन’ असे नाव दिले. टायरोसिन या अमिनो आम्लापासून वनस्पती ते घडविते. अखंड पानात धुरिन निरुपद्रवी असते. ते पानाच्या बाह्यत्वचेतील पेशींच्या रिक्तिकांत साठविलेले असते, आणि त्याचे विघटन करणारे विकर आतल्या पेशींत निराळे ठेवलेले असते. पान चावले, चिरडले किंवा कोमेजून त्याच्या पेशी फुटल्या, की दोहोंची गाठ पडते. ग्लुकोज आणि एक सुगंधी आल्डिहाइड बाजूला होऊन हायड्रोसायनिक आम्ल क्षणार्धात मोकळे होते. एक ग्रॅम धुरिन पूर्णपणे फुटले तर त्यातून सुमारे ८७ मिलिग्रॅम आम्ल निघते.

प्रयोगशाळेत याची प्रचीती सहज पाहता येते. कोवळ्या पोंग्याचे तुकडे परीक्षानळीत घालून ते ठेचावेत, सोडियम कार्बोनेट व पिक्रिक आम्ल यांत भिजवून वाळविलेली पिवळी कागदपट्टी त्यांना स्पर्श न करता बुचाखाली टांगावी, आणि नळी कोमट पाण्यात उभी ठेवावी. थोड्याच वेळात पट्टीचा पिवळा रंग नारिंगी होत होत विटेसारखा तांबडा होतो. तीच परीक्षा चांगल्या वाळलेल्या, जून ज्वारीच्या कडब्यावर केली तर पट्टीवर फार तर पुसटशी छटा उमटते. एकाच पिकाच्या दोन अवस्थांमधील अंतर याहून स्पष्टपणे दुसरे काही दाखवू शकणार नाही.

वनस्पतीने हा खटाटोप का करावा, याचे उत्तर स्वसंरक्षण हे आहे. २००१ मध्ये कोपनहेगन येथील शास्त्रज्ञांनी ज्वारीतील धुरिननिर्मितीची संपूर्ण व्यवस्था मोहरीच्या कुळातील एका लहानशा रोपात उतरविली, आणि एरवी ते रोप आवडीने खाणारे भुंगेरे त्यापासून दूर राहू लागल्याचे दाखवून दिले. कोवळेपणी रोप दुबळे असते व त्याचे प्रत्येक पान मोलाचे असते, म्हणून धुरिनचे प्रमाण तेव्हाच सर्वाधिक असते. पीक वाढत जाते तसे ते उतरत जाते. पक्व, सुक्या दाण्यात ते नगण्य राहते, म्हणून भाकरीच्या बाबतीत कोणी तिळमात्रही शंका बाळगू नये. परंतु त्याच दाण्याला मोड आणले की कोंबात धुरिन नव्याने तयार होते, हेही ध्यानात असावे.

संकट केव्हा येते

किराळ ही दैवगती नव्हे. ती ठरावीक प्रसंगी येते, आणि ते प्रसंग अगोदर ओळखता येतात. पेरणीनंतर पहिले ४५ ते ५० दिवस, म्हणजे पीक फुलोऱ्याकडे झुकेपर्यंत, धोका मोठा असतो. मृगात पेरलेले कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, गुडघ्याएवढे झाले, आणि पुढे पावसाने दोन-तीन आठवडे ताण दिला, तर वाढ खुंटलेल्या त्या रोपांत धुरिन साचत जाते. अशा सुमारास गोठ्यातील वैरण संपलेली असते आणि बांधापलीकडचे हिरवे पीक उपाशी जनावराला खुणावीत असते. नत्राचे खत भरपूर दिलेल्या आणि मग पाण्यावाचून राहिलेल्या पिकात ही स्थिती अधिकच बिकट होते.

दुसरा प्रसंग रब्बीच्या अखेरीचा. शाळूची काढणी झाली, रानात धसकटे राहिली, जनावरे मोकळी सोडण्याची वहिवाट पडली. इतक्यात एखादी अवकाळी सर येते, आणि आठवड्याभरात धसकटांच्या बुडातून लुसलुशीत फुटवे वर येतात. काढणी झालेले रान म्हणून मालक निर्धास्त असतो, परंतु हे फुटवे म्हणजे वयाने अगदी कोवळी ज्वारीच होय, आणि त्यांतील विष नव्या पेरणीच्या पोंग्याइतकेच तीव्र असते. दुष्काळातील किराळीच्या पुष्कळ दुर्घटनांचे मूळ या निर्धास्तपणात आहे.

आता प्रमाणाचा विचार करू. हिरव्या चाऱ्यात किलोमागे २०० मिलिग्रॅमपेक्षा कमी हायड्रोसायनिक आम्ल असेल तर तो सामान्यतः देण्याजोगा समजतात. त्यावर गेले की सावधगिरी हवी. जनावराच्या देहभारात दर किलोमागे सुमारे २ मिलिग्रॅम ही मात्रा प्राणघातक धरली जाते. म्हणजे ३०० किलो वजनाच्या बैलाला ६०० मिलिग्रॅम पुरेसे होतात, आणि किलोमागे ६०० मिलिग्रॅम आम्ल देणारे ताण पडलेले कडवळ असेल, तर त्याचा एक किलो चारा, म्हणजे भुकेल्या जनावराचे काही मिनिटांचे खाणे, मृत्यूला निमंत्रण देते. तोच चारा दिवसभरात थोडा थोडा पोटात गेला तर देह त्यातील बराचसा भाग पचवून टाकू शकतो. तेव्हा मात्रेइतकेच महत्त्व भुकेला आणि घाईला आहे. उपाशी जनावर हिरव्या रानात सोडणे हा सर्वांत मोठा अविचार.

रवंथ करणारी जनावरे या विषाला विशेष बळी पडतात, कारण त्यांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव धुरिन फोडण्याच्या कामी वनस्पतीच्या विकराला हातभार लावतात, आणि तेथे घोडा किंवा डुक्कर यांच्या जठरासारखे विकरास निष्प्रभ करणारे तीव्र आम्ल नसते. गाय, बैल, म्हैस, मेंढी आणि ज्या काळ्याभोर शेळीने जिल्ह्याच्या जुन्या नावावरून पडलेल्या उस्मानाबादी या नावाने त्याची कीर्ती देशभर नेली ती शेळीदेखील, या धोक्याच्या कक्षेत येते.

देहात काय घडते

रक्तात शिरलेले सायनाइड थेट पेशींतील तंतुकणिकांपर्यंत पोहोचते, आणि श्वसनसाखळीच्या शेवटच्या विकरातील लोहाला घट्ट चिकटून बसते. या श्वसनविकराच्या संशोधनासाठी ऑटो वारबुर्ग यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि सायनाइड हे त्यांच्या हातातील एक प्रमुख साधन होते. विकर बंद पडले की रक्तात प्राणवायू विपुल असूनही पेशींना तो वापरता येत नाही. तुडुंब भरलेल्या विहिरीच्या काठी हात बांधून बसविलेल्या तहानलेल्या माणसाची जी अवस्था, तीच प्रत्येक पेशीची होते. न वापरलेला प्राणवायू रक्तातच राहतो, म्हणून किराळ लागलेल्या जनावराच्या डोळ्यांची व हिरड्यांची श्लेष्मल त्वचा प्रथम लालबुंद दिसते आणि नीलेतील रक्तदेखील तेजस्वी तांबडे असते.

लक्षणे खाल्ल्यापासून दहा-पंधरा मिनिटांतच दिसू लागतात : श्वास जलद व कष्टाचा होतो, तोंडातून लाळ व फेस येतो, पोट फुगते, स्नायू थरथरतात, जनावर अडखळून पडते, मान मागे टाकून पाय झाडते, आणि मात्रा मोठी असेल तर अर्ध्या-एक तासात सारे आटोपते. माणसात हीच प्रक्रिया डोकेदुखी, घेरी, धाप, आकडी आणि बेशुद्धी या क्रमाने उलगडते.

निसर्गाने विष दिले तसा त्याचा उताराही देहात ठेवला आहे. यकृतातील रोडानेज हे विकर सायनाइडला गंधकाची जोड देऊन त्याचे थायोसायनेट करते व ते लघवीवाटे बाहेर पडते. परंतु त्यासाठी गंधकाचा पुरवठा लागतो आणि तो मर्यादित असतो. वैद्यकाने हाच मार्ग रुंद केला. सोडियम नायट्राइटने रक्तातील काही हिमोग्लोबिनाचे रूप पालटते व ते सायनाइडला आपल्याकडे ओढून घेते. मागोमाग सोडियम थायोसल्फेट दिले की गंधक मिळून विषाचा निचरा होतो. के. के. चेन यांनी १९३३ मध्ये ही जोडी पुढे आणली आणि पशुवैद्यकात आजही तीच वापरली जाते. हायड्रॉक्सोकोबालामिन हे ब-१२ जीवनसत्त्वाचे एक रूप माणसांसाठी आता उत्तम उतारा मानले जाते. ते सायनाइडला धरून स्वतःच निरुपद्रवी जीवनसत्त्व बनते.

येथे एक इशारा अगत्याचा आहे. ताण पडलेल्या ज्वारीत नायट्रेटही साचते, आणि त्याची विषबाधा वरवर किराळीसारखीच भासते. मात्र तिच्यात रक्त चॉकलेटी, करड्या छटेचे होते. त्या जनावराला नायट्राइट टोचणे म्हणजे मरणाला घाई करणे. म्हणून हे इंजेक्शन पशुवैद्यकानेच, रक्ताचा रंग पाहून द्यावयाचे. ऐकीव माहितीवर ते कोणी हाताळू नये. जनावर दगावलेच तर पंचनाम्याबरोबर कोठीपोटातील चाऱ्याचा नमुना हवाबंद बाटलीत, थंड ठेवून पाठवावा, कारण उघड्या नमुन्यातील आम्ल उडून जाते आणि अहवालात मृत्यूचे खरे कारण येत नाही.

आपल्या ताटातील नातलग

ज्वारी या बाबतीत एकटी नाही. जवस, ज्याची भाजून कुटलेली चटणी मराठवाड्यात भाकरीबरोबर नित्य असते, त्यातही अशी ग्लायकोसाइडे असतात. भाजण्याने विकर नष्ट होते आणि चमचा-दोन चमचे चटणीपासून भय नाही, परंतु आरोग्याच्या नावाखाली कच्च्या जवसाची पूड वाटीवाटीने खाणे शहाणपणाचे नाही. सह्याद्रीतील लोक बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, उकळून पाणी टाकून देतात. त्या रिवाजामागे हेच शास्त्र आहे. कडू बदाम आणि जर्दाळूच्या बियांतील मगज यांत अमिग्डलिन असते. त्यापासून बनविलेले ‘लेट्रिल’ कर्करोगावरील औषध म्हणून जगभर खपले. १९८२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या रीतसर परीक्षणात त्याचा कोणताही लाभ दिसला नाही, उलट काही रुग्णांच्या रक्तात सायनाइडची धोकादायक पातळी आढळली. ‘ब-१७ जीवनसत्त्व’ या नावाने हीच वस्तू आजही विकली जाते. असे कोणतेही जीवनसत्त्व नाही.

नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर उपासाची खिचडी घरोघर शिजते. तिचा साबुदाणा तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात टॅपिओकाच्या कंदापासून बनतो. कंदात लिनामारिन असते, परंतु पिष्ट वारंवार धुण्यात आणि तापविण्यात ते निघून जाते. आफ्रिकेत मात्र या कंदाने भीषण रूप दाखविले आहे. १९८१ मध्ये मोझांबिकच्या उत्तर भागात अवर्षणाच्या दिवसांत कंद नीट न भिजविता, न वाळविता खाल्ला गेला, आणि एक हजाराहून अधिक माणसांचे, मुख्यतः स्त्रियांचे व मुलांचे, पाय कायमचे लुळे पडले; या व्याधीस ‘कोंझो’ म्हणतात. अवर्षणाने कंदातील विष वाढविले, आणि त्याच अवर्षणाने आहारातील प्रथिने हिरावून देहाचा गंधकाचा साठाही आटविला. दुष्काळ दोन्ही बाजूंनी कसा वार करतो, हे दुष्काळाशी जन्माचे नाते असलेल्या धाराशिवच्या वाचकाला निराळे समजावण्याची गरज नाही.

खाण, कारखाना आणि धूर

मनुष्यनिर्मित सायनाइडचा मोठा वापर सोन्यासाठी होतो. १८८७ मध्ये ग्लासगो येथे मॅकआर्थर व फॉरेस्ट बंधू यांनी सौम्य सायनाइड द्रावणात सोने विरघळविण्याची रीत शोधली आणि कोलारपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या खाणी तिच्यावर चालल्या. रायचूर जिल्ह्यातील हट्टी, जी १९५६ पर्यंत उस्मानाबादप्रमाणेच हैदराबाद राज्यात मोडत होती, तेथे आजही सोने निघते; कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या, परंतु प्रक्रियेनंतर उरलेल्या मातीचे प्रचंड ढिगारे मागे राहिले. ३० जानेवारी २००० रोजी रुमानियातील बाया मारे येथे खाणीचा बांध फुटून सुमारे एक लाख घनमीटर विषारी पाणी तिसा नदीत व पुढे डॅन्यूबमध्ये गेले, आणि मैलोगणती जलचर नष्ट झाले. आपल्या देशात पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम ही सायनाइडची मर्यादा आहे, आणि विषद्रव्यांची विक्री व बाळगणे १९१९ च्या विष अधिनियमाखाली परवान्याच्या अधीन आहे. मुलामा देण्याच्या लहान कारखान्यांत आणि सराफी पेढ्यांमागच्या कामाच्या खोल्यांत हे क्षार हाताळले जातात. तेथे आम्लाची बाटली व सायनाइडचा डबा एका फळीवर कधीही नसावा, कारण दोहोंचा संयोग होताच विषारी वायू सुटतो.

आगीतील धुराकडेही लक्ष वेधले पाहिजे. फोमच्या गाद्या, लोकर, रेशीम, कृत्रिम धागे यांच्या जळण्यातून हायड्रोसायनिक आम्ल निघते. बंदिस्त खोलीतील आगीत कित्येक माणसे ज्वाळांआधी या धुराने मरतात.

तरीही या द्रव्याला केवळ संहारक म्हणणे अपुरे ठरेल. १९६० च्या सुमारास योआन ओरो यांनी अमोनियम सायनाइडच्या द्रावणापासून ॲडेनिन हा जनुकद्रव्याचा घटक तयार करून दाखविला. त्याच्या रेणूत हायड्रोसायनिक आम्लाचे पाच रेणू जणू एकवटलेले असतात. जीवसृष्टीच्या उगमात ज्याचा हात असावा, तेच द्रव्य विकसित प्राण्याच्या श्वासाचा शेवट करते.

कर्तव्य काय

उपाय साधे आहेत. फुलोऱ्यापूर्वीचे कडवळ आणि धसकटांचे फुटवे जनावरांपासून दूर ठेवावेत. ताण पडलेल्या पिकावर पाऊस झाला तरी नवी फूट जून होईपर्यंत थांबावे. रानात सोडण्यापूर्वी पोटभर कडबा घालावा. हिरवी ज्वारी कापून नीट वाळवावी, म्हणजे आम्ल बव्हंशी उडून जाते, अथवा तिचा मुरघास करावा. अर्धवट कोमेजलेला चारा सुरक्षित समजू नये. लक्षणे दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

शासनाचे कर्तव्यही तितकेच स्पष्ट आहे. विष अर्ध्या-एक तासात जीव घेते आणि दवाखाना दहा-बारा किलोमीटरवर असतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि प्रत्येक पावसाच्या खंडात, धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परंडा या आठही तालुक्यांतील श्रेणी १ व श्रेणी २ च्या दवाखान्यांत तसेच फिरत्या पथकांकडे सोडियम नायट्राइट व थायोसल्फेट यांचा साठा असलाच पाहिजे. चाऱ्याच्या वाणांची शिफारस करताना उत्पन्नाबरोबर आम्लाचे प्रमाणही शेतकऱ्याला सांगितले जावे. धुरिनरहित ज्वारी २०१२ मध्ये संशोधकांनी मिळविली आहे, तेव्हा या दिशेने आपल्या कोरडवाहू वाणांवर काम होणे अशक्य नाही.

खरिपात सोयाबीन आल्यापासून ज्वारीचा पेरा घटला, आणि किराळीची जाण ज्या वडीलधाऱ्यांकडे होती ती पिढीही विरळ होत चालली आहे. ज्ञान ओसरले आणि धोका मात्र रानात राहिला, अशी ही अवस्था आहे. कोरडवाहू शेतकऱ्याची एक बैलजोडी म्हणजे त्याचे निम्मे भांडवल असते. ते वाचविण्यास फार मोठा खर्च लागत नाही. ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांनी या हंगामात आपल्या गुराख्याला आणि घरातल्या मुलांना कोवळी ज्वारी आणि धसकटांचे फुटवे रानात प्रत्यक्ष उभे राहून ओळखून दाखवावेत, एवढीच विनंती.